दोन दिवसांची वाट, अडतीस दिवसांचा प्रवास : विशाळगड ते पन्हाळा, पावसाळा १७०२

१/
दरवर्षी आषाढात, शनिवार-रविवार गाठून, शेकडो माणसे पन्हाळ्याहून विशाळगडाच्या दिशेने पायी निघतात. मसाई पठारावरचे धुके, पोटरीपर्यंत चिखल, फुगलेले ओढे, रात्री एखाद्या वाडीत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पावनखिंड. सोमवारी मंडळी आपापल्या कामावर हजर असतात.
हाच मुलूख १७०२ च्या पावसाळ्यात उलट दिशेने ओलांडण्यास हिंदुस्थानच्या बादशहाला अडतीस दिवस लागले.

२/
अंतर सुमारे तीस मैल. औरंगजेबाचा तळ १० जून रोजी विशाळगडाखालून हलला आणि १७ जुलै रोजी पन्हाळ्याजवळ पोहोचला. दिवसाला सरासरी एक मैलही नाही.
या काळात त्याच्यासमोर कोणतीही मोठी फौज उभी ठाकली नव्हती. मैदानी लढाई झाली नाही. किल्ला तर आधीच ताब्यात आला होता. पन्हाळाही वर्षभरापूर्वीच मोगलांकडे गेला होता. म्हणजे एका जिंकलेल्या गडाकडून दुसऱ्या जिंकलेल्या गडाकडे चाललेला हा प्रवास होता. तरीही त्यात जेवढी हानी झाली तेवढी अनेक लढायांत होत नाही.

३/
तारखांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. या तारखा त्या काळच्या जुन्या ज्युलियन गणनेच्या आहेत. आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे त्यांत अकरा दिवस मिळवावे लागतात. म्हणजे हा प्रवास आजच्या हिशेबाने २१ जूनला सुरू झाला आणि २८ जुलैला संपला. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पावसाचा जोर सर्वाधिक असतो ते हेच दिवस.

४/
मुलूखही समजून घ्यायला हवा. विशाळगड हा घाटमाथ्याच्या अगदी कडेवरचा किल्ला. पश्चिमेला कोकण, पूर्वेला गजापूर, पांढरे पाणी आणि आंब्याचे दाट रान. कासारी नदी याच भागात उगम पावते आणि पुढे पंचगंगेला मिळते. कडवी मलकापुरावरून वारणेकडे जाते. यांखेरीज नाव नसलेले असंख्य ओढे आहेत. उन्हाळ्यात ते दगडांवरून चालत ओलांडता येतात. ज्येष्ठ संपता संपता त्यांतला प्रत्येक ओढा हा एक स्वतंत्र अडथळा होतो.

५/
याच डोंगररांगेवरील गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पन्नास-पंचावन्न किलोमीटर पूर्वेला असलेल्या कोल्हापुरात हजार मिलिमीटरच्या आसपास. कोल्हापुरात उभे राहून घाटमाथ्यावरच्या पावसाची कल्पना येत नाही. त्यात जांभ्याची लाल माती. कोरडी असताना घट्ट वाटणारी ही जमीन पाणी मुरले की लोण्यासारखी निसटते, आणि हजारो पाय एकाच ओळीने तिच्यावरून गेले की वाटेचा ओढा होतो.

६/
या रानाची ख्याती १७०२ मध्ये नवी नव्हती. विशाळगडाचे जुने नाव खेळणा. १४५३ मध्ये बहमनी सरदार मलिक-उत्-तुजार मोठी फौज घेऊन खेळण्याच्या मोऱ्यांवर चालून गेला. वाट दाखवण्याचे काम शिर्क्यांनी पत्करले. त्यांनी फौजेला अशा दाट अरण्यात नेले की परत फिरण्याचीही सोय उरली नाही. थकलेल्या, आजारी, विखुरलेल्या सैन्यावर शंकरराव मोऱ्यांची माणसे रात्री तुटून पडली. सरदार मारला गेला आणि फौजेची धूळधाण झाली. फेरिश्त्याच्या इतिहासात ही हकिकत सविस्तर येते.

७/
पुढे महमूद गावान याच कामगिरीवर आला. १४६९ ते १४७२ या काळात त्याची कोकण मोहीम चालली. त्याने घाई केली नाही. जंगल तोडत, वाटा करत तो पुढे सरकला आणि पावसाळा येताच सरळ मागे फिरून कोल्हापुरास आला. तेथे गवताने शाकारलेल्या झोपड्या उभारून त्याने सैन्यासह पावसाळा काढला. पाऊस ओसरल्यावर पुन्हा मोहीम सुरू केली. खेळणाही अखेर त्याच्या हाती आला.
घाटातील युद्धाचा पहिला धडा यात आहे. चार महिने काहीही न करणे हाही मोहिमेचाच एक भाग असतो.

८/
याच वाटेवरची सर्वपरिचित घटना १२ आणि १३ जुलै १६६० ची. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा, आषाढ पौर्णिमेची पावसाळी रात्र आणि सुमारे सहाशे निवडक मावळ्यांसह शिवाजी महाराजांचे निसटणे. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांड्यांनी पाठलाग रोखून धरला आणि महाराज विशाळगडावर पोहोचले. एक रात्र आणि दुसऱ्या दिवसाचा काही भाग, एवढ्यात हे अंतर कापले गेले.
शौर्याच्या वर्णनात एक साधी गोष्ट बहुधा झाकली जाते. या माणसांबरोबर सामान नव्हते.

९/
हे केवळ मावळ्यांनाच जमत होते असे मानणेही बरोबर नाही. फेब्रुवारी १६८९ मध्ये मुकर्रबखान निवडक स्वार घेऊन कोल्हापूरच्या बाजूने घाट उतरला आणि संगमेश्वरी अचानक पोहोचून त्याने संभाजी महाराजांना कैद केले. वाट इतकी अवघड होती की त्याचे बरेचसे लोक मागेच राहिले. पण ऋतू कोरडा होता आणि फौज सडी होती. म्हणजे सह्याद्री मोगलांना अजिबात जाऊ देत नसे, असे नव्हते. सडी फौज कोणाचीही असो, तिला वाट मिळत असे. अवजड फौजेला ती नाकारली जाई.

१०/
मराठ्यांच्या व्यवस्थेत पावसाळा गृहीत धरलेला होता. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचा वार्षिक क्रम दिला आहे. पावसाचे दिवस आले की लष्कराने स्वदेशी छावणीस यावे, जनावरांसाठी दाणा-वैरण आणि लोकांसाठी शाकारलेली घरे तयार असावीत, आणि दसऱ्यानंतर पुन्हा मुलूखगिरीस निघावे. सीमोल्लंघनाच्या विधीमागे असे रोकडे व्यवहारज्ञान होते. जमीन वाळली, ओढे उतरले, गवत वाढले की मगच घोडा बाहेर काढायचा.

११/
छावणीचा हिशेब किती बारीक असे, हे चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना १६७३ च्या सुमारास पाठवलेल्या प्रसिद्ध पत्रातून दिसते. साठवलेला दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरवून वापरावी, ती आताच उधळली तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील, असे त्यात बजावले आहे. मग लोक रयतेचे धान्य, लाकूड, भाजीपाला ओरबाडू लागतील आणि रयत म्हणेल की यापेक्षा मोगल बरे. पेटता दिवा ठेवला तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळतील, इथवर काळजी त्या पत्रात आहे. पावसाळी तळाचे खरे युद्ध वैरणीचे असते, ही जाण त्या पत्राच्या प्रत्येक ओळीत आहे.

१२/
दुसऱ्या बाजूला मोगल बादशहाचा तळ म्हणजे चालते-फिरते शहर. इटालियन प्रवासी जेमेली करेरी १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगल्याच्या तळावर आला होता. त्याने तळाचा घेर तीस मैल, बाजार अडीचशे आणि वस्ती सुमारे पाच लाख असल्याचे लिहिले आहे. साठ हजार स्वार, एक लाख पायदळ, पन्नास हजार उंट, तीन हजार हत्ती, हे आकडेही त्याचेच. प्रवाशाच्या आकड्यांत अतिशयोक्ती धरली तरी त्या काळच्या मोठ्या नगरांशी तुलना व्हावी असाच हा पसारा होता.

१३/
बादशाही डेऱ्यांचा बोजा किती असे, याचा अंदाज अकबराच्या काळातील आईन-इ-अकबरीतून येतो. एका मुक्कामाच्या डेऱ्यांसाठी शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाड्या आणि शंभर हमाल लागत. शिवाय हजार फर्राश, पाचशे बेलदार, शंभर पखालजी, पन्नास सुतार. बादशहा एका मुक्कामी असताना डेऱ्यांचा दुसरा संच पुढच्या मुक्कामी रवाना होई, म्हणजे तेथे पोहोचताच सर्व काही सज्ज असे. सपाट, कोरड्या प्रदेशात ही व्यवस्था घड्याळासारखी चाले. घाटात, पावसात, तिचा प्रत्येक भाग तिच्या विरुद्ध जात असे.

१४/
ऑक्टोबर १६९९ मध्ये औरंगजेब भीमाकाठच्या इस्लामपुरीहून, म्हणजे ब्रह्मपुरीहून, किल्ले जिंकण्यासाठी स्वतः बाहेर पडला. कुटुंबकबिला आणि जास्तीचे सामान त्याने तेथेच ठेवले. त्यामुळे १७०२ चा तळ करेरीने पाहिलेल्या तळाएवढा नव्हता. तरीही तोफखाना, खजिना, दफ्तर, सरदारांचे लवाजमे आणि बाजारबुणगे त्याच्याबरोबर होतेच.
एप्रिल १७०० मध्ये सातारा आणि जूनमध्ये परळी, म्हणजे सज्जनगड, हाती आले. राजाराम महाराज मार्चमध्येच सिंहगडावर निवर्तले होते. मराठ्यांची सूत्रे ताराबाईंकडे गेली होती. आता शेवट जवळ आला, असे बादशहाला वाटले असल्यास नवल नाही.

१५/
पावसाने त्याला पहिला इशारा त्याच वर्षी दिला. परळीहून भर पावसात निघालेल्या तळाची कृष्णा ओलांडताना दुर्दशा झाली. पुढे माण नदीकाठी खवासपूरला मुक्काम पडला. माण ही दुष्काळी मुलखातली नदी. तिच्या काठावर आणि पात्रातल्या वाळवंटावरही तंबू लागले होते. १ ऑक्टोबर १७०० च्या रात्री वरच्या डोंगरांत झालेल्या पावसाचा लोंढा अचानक आला आणि झोपलेल्या तळावरून गेला. माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले.

१६/
त्या गोंधळात घाईने बाहेर पडताना खुद्द बादशहा पडला आणि त्याचा उजवा गुडघा निखळला. हकिमांना तो नीट बसवता आला नाही. पुढची सहा-साडेसहा वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, औरंगजेब लंगडत होता. दरबारी मंडळींनी यातूनही स्तुतीची संधी शोधली. बादशहाचा पूर्वज तैमूर हाही लंगडाच होता, तेव्हा हा वारसाच होय, असे ते त्याला सांगत.
वय ब्याऐंशीच्या घरात, पायाला कायमची इजा, आणि समोर अजून निम्मे किल्ले बाकी.

१७/
पुढच्या वर्षी त्याने शहाणपण दाखवले. मे १७०१ अखेर पन्हाळा घेतल्यावर तो पावसाळ्यासाठी पूर्वेकडे, कमी पावसाच्या खटावला गेला. तेथून सरदारांकरवी वर्धनगड, चंदन-वंदन असे किल्ले घेतले. म्हणजे घाटमाथा पावसात टाळावा हे त्याला ठाऊक होते. १७०२ ची आपत्ती अज्ञानातून आली नाही. ती कशी आली, हे पाहण्यासारखे आहे.

१८/
नोव्हेंबर १७०१ मध्ये तो खेळण्याकडे निघाला. मलकापूरच्या पुढे वाटच नव्हती. जी होती ती एकामागून एक माणूस जाईल एवढी. फतहुल्लाखानाला रस्ता करण्याचे काम मिळाले. बेलदार, पाथरवट, लाकूडतोडे लावून त्याने आंब्याच्या बाजूचे रान तोडले, खडक फोडले, चढ कमी केले. त्या वाटेने तोफा आणि तंबू आत गेले. जानेवारी १७०२ च्या मध्याला बादशहाचा डेरा किल्ल्यापासून जवळच लागला.
रस्ता झाला खरा. पण तो कोरड्या ऋतूतला, ताज्या उकरलेल्या मातीचा रस्ता होता.

१९/
गडावर परशुराम त्र्यंबक प्रतिनिधी होते. वेढा लांबत गेला. फतहुल्लाखानाने मोर्चे पुढे ढकलले, तो जखमी झाला, पुन्हा उभा राहिला. बादशहाचा नातू बेदारबख्त आणि त्याच्यासोबत आमेरचा कोवळ्या वयाचा राजा जयसिंग यांनी बाहेरच्या तटबंदीवर हल्ले केले. हाच जयसिंग पुढे जयपूर वसवणारा सवाई जयसिंग म्हणून प्रसिद्ध झाला. मे उजाडला तरी मुख्य किल्ला अभेद्यच होता, आणि पश्चिमेकडून ढग येऊ लागले होते.

२०/
येथे माघार घेता आली असती. महमूद गावानाने तेच केले होते. पण गावान हा वजीर होता, आणि येथे बादशहा स्वतः वेढ्यात बसला होता. बादशहाने उठून जाणे म्हणजे सगळ्या दख्खनने पाहिलेला पराभव. शिवाय पाच महिन्यांचा खर्च, तयार झालेला रस्ता, रोज उद्यावर येणारा विजय. प्रत्येक दिवस थांबण्याला कारण होते, आणि प्रत्येक दिवसाने परतीची वाट अधिक मऊ होत होती.

२१/
अखेर किल्ला लढाईने मिळाला नाही. बेदारबख्ताच्या मध्यस्थीने बोलणी झाली. परशुरामपंतांना दोन लाख रुपये मिळाले, ४ जूनला गडावर मोगली निशाण चढले आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत शिबंदी रात्रीची बाहेर पडली. मराठ्यांची अनेक किल्ल्यांबाबत हीच रीत होती. पावसाळ्यापर्यंत झुंजवायचे, शत्रूला दमवायचे, मग मोल घेऊन गड सोडायचा आणि पुढे संधी मिळताच परत घ्यायचा.
परशुरामपंतांनी गड सोडला तो नेमका पाऊस लागल्यावर, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

२२/
बादशहाने गडाचे नाव ठेवले ‘सख्खरलना’. या अरबी शब्दांचा अर्थ ‘आमच्या अधीन केले’ असा आहे. कुराणात हे शब्द वाहनावर आरूढ होणाऱ्याच्या प्रार्थनेत येतात. ज्याने हे वाहन आमच्या अधीन केले त्याची स्तुती असो, असा तिचा भाव. श्रद्धाळू मुसलमान आजही प्रवासाला निघताना ती म्हणतात.
नाव ठेवल्यावर आठवड्याच्या आत त्या तळाचा प्रवास सुरू झाला, आणि वाहन म्हणून जे जे होते ते एकेक करून निकामी होऊ लागले.

२३/
थांबणे शक्य नव्हते का? किल्ल्याखाली ना गाव होते ना बाजार. मोगल फौजेला धान्य पुरवत ते बंजाऱ्यांचे तांडे, हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. पावसात हे तांडे घाटात येत नाहीत. बैलाचे खूर चिखलात कुजतात, गोणीतले धान्य भिजून मोड धरते. वेढ्याच्या पाच महिन्यांत आसपासचा चारा संपला होता. राहावे तर उपासमार, निघावे तर चिखल, अशा कोंडीत १० जूनला कूच झाले.

२४/
सर्वांत आधी उंट गेले. उंटाचा तळवा रुंद आणि मऊ असतो. वाळूवर तो तरंगतो, पण ओल्या उतारावर त्याचे पाय फाकतात, आणि एकदा बसलेला लादलेला उंट पुन्हा उठत नाही. बैल चिखलात रुतले. हत्तींवर मग कितीतरी अधिक ओझे चढले. ते बिचारे गाढवांसारखे लादले गेले आणि आपल्याच वजनाने दलदलीत अडकले. उरलेला बोजा माणसांच्या डोक्यावर आला. भिजलेल्या तंबूचे वजन कोरड्याहून कितीतरी जास्त भरते, हे ज्याने पावसाळी मुक्कामानंतर तंबू गुंडाळला आहे त्याला सांगावे लागत नाही.

२५/
मग ओढे. घाटमाथ्यावरचा ओढा तासाभरात चढतो. फौजेचा पुढचा भाग पलीकडे गेलेला, मागचा अलीकडे अडकलेला, आणि मधून पाणी. पलीकडच्यांकडे तंबू नाहीत, अलीकडच्यांकडे शिधा नाही. पाणी उतरण्याची वाट पाहत दिवसचे दिवस जात. उतरले की पुन्हा घाई, पुन्हा गर्दी, पुन्हा काही माणसे आणि जनावरे प्रवाहात. पुढच्या ओढ्यावर तोच प्रकार. बादशाही डेऱ्यांचा जो दुसरा संच पुढे जाऊन सज्ज राहायचा, तो आता कोठे आहे हेच कळेनासे झाले.

२६/
धान्य रुपयाला शेर झाले. सामान्य काळात रुपयाला मणाच्या हिशेबात धान्य मिळत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या भावाचा अर्थ उमगतो. चारा आणि सरपण तर तळावर जवळजवळ दिसेनासे झाले. सरपण नाही म्हणजे शिजवणे नाही आणि कपडे वाळवणेही नाही. ज्याच्याकडे रुपये होते त्याला निदान कच्चे धान्य मिळत होते. हमाल, भिस्ती, मोतद्दार, तंबू ठोकणारे फर्राश यांचा रोजचा पगार त्या भावात पोट भरण्यास पुरत नव्हता. प्रवासात मेलेल्यांत त्यांचीच संख्या मोठी असणार. त्यांची नावे कोणत्याही दफ्तरात आलेली नाहीत.

२७/
ही हकिकत मराठ्यांच्या बखरींवर अवलंबून नाही. साकी मुस्तैदखानाचा मआसिर-इ-आलमगिरी आणि खाफीखानाचा इतिहास, दोन्ही मोगल बाजूचे, या प्रवासाची दुर्दशा सांगतात. जदुनाथ सरकारांनी याच साधनांवरून तिची मांडणी केली.
दलपतराव बुंदेल्याच्या पदरी असलेला भीमसेन सक्सेना याच मोहिमांत वावरत होता. तो खंत करतो की तळावर जन्मलेली, वाढलेली एक पिढी तंबूशिवाय दुसरा निवारा जाणतच नाही. एका सरदाराने वर्षभर दिल्लीस राहू देण्यासाठी बादशहाला लाख रुपये देऊ केल्याचीही गोष्ट सांगितली जाते.

२८/
१७ जुलैला तळ पन्हाळ्यापाशी आला. जे पोहोचले ते थकलेले, आजारी, सामान गमावलेले. त्र्याऐंशी वर्षांचा बादशहा मात्र टिकला, आणि पुढच्या मोहिमा आखू लागला. त्याच्या जिद्दीचे कौतुक त्याच्या शत्रूंनाही वाटावे. त्या जिद्दीची किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली.
एक बदल झाला. १७०३ मध्ये सिंहगड घेतल्यावर त्याने पावसाळा पुण्यात काढला. १७०४ मध्ये तोरणा घेतल्यावर खेडला, भीमेकाठी. दोन्ही मुक्काम घाटमाथ्यापासून पूर्वेला. खेळण्याच्या परतीने शिकवलेला धडा असा अमलात आला.

२९/
मराठ्यांनी या अनुभवाचे शास्त्र केले. रामचंद्रपंत अमात्य हे या साऱ्या काळात स्वराज्याचा कारभार सांभाळत होते. त्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात दुर्गांचे स्वतंत्र प्रकरण आहे. गडावर जाणारी वाट सुगम असू नये, सुगम असेल तर ती मोडावी, अवघड वाटांवर झाडी वाढवावी, गडाच्या घेऱ्यातले रान राखावे, असा उपदेश त्यात येतो. फतहुल्लाखानाने खपून जे केले, त्याच्या नेमके उलट हे धोरण. मोगलांना घाटात रस्ता करावा लागला. मराठ्यांना तो न करण्यातच संरक्षण दिसले.

३०/
औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावला. त्यानंतर लवकरच विशाळगड पुन्हा मराठ्यांकडे आला आणि प्रतिनिधींच्या घराण्याकडे राहिला. सख्खरलना हे नाव कागदावरच उरले. गजापुरातल्या कोणाला आज ते सांगूनही ओळखीचे वाटणार नाही.

३१/
आता आंब्यापर्यंत डांबरी रस्ता आहे. पावसाळी शनिवारी चारचाकी जीपा घेऊन हौशी मंडळी डांबर सोडून लाल मातीच्या वाटांना लागतात, आणि दर वर्षी त्यांतली एखादी चाकाच्या आसापर्यंत रुतून बसते. मग आधी सामान उतरवले जाते, नंतर माणसे उतरतात, आणि जवळच्या वाडीतून दोर घेऊन कोणीतरी येतो. त्या वाडीतला माणूस स्वतः मात्र डोक्यावर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद घेऊन, हातात एक काठी घेऊन, त्याच चिखलातून रोज ये-जा करत असतो.